आधी पाय मोजा, मग पॉटी घ्या

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुम्ही कुठली पॉटी घेतली होती? नाव सांग, मी पण तीच मागवते." भाचा आता २२ महिन्यांचा झालाय. डायपर ओला झाला की स्वतःच ओढायला लागतो आणि शी करायची असली की सोफ्यामागे जाऊन उभा राहतो, असं ती सांगत होती. मी म्हटलं, नाव राहू दे. उद्या सकाळी त्याला एखाद्या बुटक्या स्टुलावर बसव आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते मोजून मला कळव. पलीकडे क्षणभर शांतता. "पॉटीसाठी पाय मोजायचा?"

हो, पायच मोजायचा. चप्पल घेताना पाऊल मोजतो तसंच आहे हे. मग आम्ही पाऊण तास बोलत बसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं. मला हे सांगणारं कुणी वेळेवर भेटलं नव्हतं आणि त्याचा त्रास माझ्या लेकाला झाला.

आमची पहिली पॉटी मी फोटो बघून पसंत केली. लेक तेव्हा २ वर्षं १ महिन्याचा होता. पॉटी दिसायला देखणी होती. हुबेहूब मोठ्यांच्या कमोडसारखी, वर झाकण, मागे टाकी, टाकीवरचं बटण दाबलं की पाणी सोडल्याचा आवाज आणि भांड्यात शू पडली की गाणं. पुढच्या बाजूला खाचेत बसवायची एक उभी, टणक पट्टी होती. मुलांची शू पुढे उडते, ती अडवण्यासाठी. मुलासाठी हवं ते सगळं यात आहे, असं मला वाटलं. उंची मात्र मी पाहिलीच नाही. नंतर मोजली तेव्हा बसायची जागा जमिनीपासून २४ सेंटिमीटरवर निघाली आणि लेकाचा पाय लवणीपासून टाचेपर्यंत २० सेंटिमीटर. बसल्यावर त्याच्या टाचा दोन बोटं अधांतरी राहायच्या. तो चवडे ताणून जमीन शोधायचा आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून ठेवायचा. मला ते गोड दिसायचं. त्याचे फोटोही काढले होते मी.

दोन दिवस तो हौसेने बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी झोपेतून नुकताच उठलेला, तसाच पॉटीकडे गेला, पाय उंच करून चढायला लागला आणि ती उभी पट्टी त्याच्या शूच्या जागी घासली. ओरखडा अगदी लहान होता, दोन दिवसांत दिसेनासाही झाला. पण तो ज्या आवाजात रडला तो अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर पॉटी समोर आली की दोन्ही हात पुढे धरून मागे सरकायचा. "नको, चावते," म्हणायचा.

चावते. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही. पट्टी काढून टाकली, समजावलं, पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, खेळणी दाखवली. त्याने बसणं तर सोडलंच, पण शीसुद्धा अडवून धरायला लागला. पाय जुळवून, टाचा उचलून, ढुंगण आवळून भिंतीला धरून उभा राहायचा. मला वाटायचं तो कुंथतोय. प्रत्यक्षात तो आलेली शी परत आत ढकलत होता. ही खूण ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी लक्षात ठेवा, कारण वरवर दोन्ही सारखंच दिसतं. चेहरा लाल, अंग ताठ, पण कुंथणारं मूल वाकतं, गुडघे दुमडतं. अडवणारं मूल सरळ ताठ होतं, पायांची कात्री करतं.

चार दिवसांनी शी झाली ती खड्यासारखी. थोडं रक्तही दिसलं. आम्ही घाबरून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

बाईंनी त्याला तपासलं, बारीकशी चीर पडली आहे म्हणाल्या, शी मऊ ठेवणारं औषध लिहून दिलं. त्यानंतर मला विचारलं, "पॉटीवर बसल्यावर याचे पाय टेकतात का?" मला उत्तर देता आलं नाही. पॉटीच्या टाकीवर चित्र कसलं आहे हे मला ठाऊक होतं, माझ्या मुलाचे पाय टेकतात की नाही हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी मोजपट्टी काढली, तेव्हा तो ४ सेंटिमीटरचा फरक कळला.

त्यांनी मला जे समजावलं ते मी त्या दिवसापासून भेटेल त्या आईबापाला सांगत आलोय. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, म्हणजे मलाशय, गुदद्वाराशी सरळ रेषेत जोडलेलं नसतं. एक स्नायू त्याला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, झोळीची दोरी ओढून धरावी तसा. त्यामुळे तिथे एक वाक तयार होतो आणि आपण उभे असताना, चालताना शी आत थांबते. उकिडवं बसलं की मांड्या पोटाकडे येतात, हा स्नायू सैल पडतो, वाक बराचसा सरळ होतो आणि वाट मोकळी होते. तुमचं मूल जमिनीवरची मुंगी बघायला कसं बसतं ते आठवा. टाचा टेकलेल्या, गुडघे वर, ढुंगण जवळपास जमिनीला. शी करण्यासाठी याच्याइतकी चांगली बैठक नाही. चांगल्या पॉटीने या बैठकीच्या जवळ जायला मदत करायची असते. पाय लोंबकळत असले तर उलटं होतं. तोल सांभाळायला पोट, मांड्या, ओटीपोटाखालचे स्नायू सगळे आवळलेले राहतात. जे सैल सोडायचं तेच मूल घट्ट धरून बसतं. वर आपण म्हणतो, "कर ना रे, कर ना."

ताणाचं चक्रही त्यांनी तेव्हाच सांगितलं. एकदा दुखलं की मूल अडवतं. अडवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, म्हणून मूल आणखी अडवतं. हे चक्र तोडायचं तर आधी दुखणं थांबायला हवं. तोपर्यंत पॉटी बंद. बाईंनी सांगितलं, "शी डायपरमध्ये होऊ दे, पण होऊ दे." आम्ही ती पॉटी माळ्यावर टाकली आणि सहा आठवडे त्या विषयावर एक शब्द काढला नाही. औषध चालू ठेवलं. आजी अधूनमधून विचारायची, "अरे, पुन्हा कधी बसवणार?" तिलाही मी पाय, पोटरी, मांडी सगळं समजावून सांगितलं. मग तिनेच एकदा त्याचा पाय वीतीने मोजून बघितला.

त्या सहा आठवड्यांत मी ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्यांच्याकडे जाऊन पॉट्या बघितल्या. उचलून, उलट्या करून, सांध्यांत बोट घालून बघितल्या. एका मित्राकडे तर परवानगी घेऊन कपातलं पाणी पुढच्या बाजूने ओतून पाहिलं, कुठून उडतं ते बघायला. मोजपट्टी खिशात असायचीच.

उंचीबद्दल माझा हिशोब सोपा आहे. लवणीपासून टाचेपर्यंत जेवढं माप येईल त्याच्यापेक्षा बसायची जागा ३ ते ५ सेंटिमीटर खाली हवी. तेवढं असलं की पूर्ण पाऊल टेकतं आणि गुडघे कमरेपेक्षा जरा वर राहतात. आमची दुसरी पॉटी १६ सेंटिमीटरची होती. फार बुटकीही नको, नाहीतर मोठ्या मुलाला उठताना हात टेकावे लागतात आणि पॉटी कलंडते. पॉटी आधीच घरात असेल आणि उंच असेल तर नवीन घ्यायलाच हवी असं नाही. पायाखाली न हलणारा, दोन्ही पावलं मावतील एवढा रुंद पाट दिला तरी काम होतं. पण पाट सरकता कामा नये, आणि चढता-उतरताना त्यात पाय अडकता कामा नये.

मुलगा असेल तर दुसरं बघायचं ते भोकाचा आकार. गोल भोकाच्या पॉट्या बऱ्याच असतात. मुलगा त्यावर बसला की ढुंगण बरोबर येतं, पण पुढे जागा उरत नाही. लिंग कडेवर टेकतं किंवा कडेच्या वर राहतं आणि शू सरळ बाहेर, त्याच्या चड्डीवर किंवा तुमच्या पायावर. यात त्याची काहीच चूक नसते. भोक लांबट, अंडाकृती असलं आणि पुढच्या बाजूला पुरेशी मोकळी जागा असली तर मूल थोडं मागे सरकून बसू शकतं आणि सगळं आत राहतं. मी मुलींच्या आयांशी बोललो तेव्हा त्यांना ही अडचण कधी आलीच नव्हती. म्हणून मुलीसाठी उत्तम ठरलेली पॉटी मुलाला तशीच चालेल असं धरून चालू नका. माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं, कारण तिच्या मैत्रिणीने तिला मुलीची पॉटी देऊ केली आहे. घे, पण आधी भोक बघ.

आणि ती पुढची पट्टी. वेगळी बसवायची, टणक, उंच पट्टी असलेली पॉटी मी कुणालाही घेऊ देणार नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल पॉटीवर शिस्तीत पाय जुळवून बसत नाही. ते घोड्यावर चढावं तसं चढतं, उलटं बसतं, मध्येच उठतं, अर्धवट चड्डी पायात अडकलेली असताना वळतं. त्या वेळी नेमक्या नाजूक जागी एक उभी धार असणं ही मांडणीच चुकीची आहे. बालरोगतज्ज्ञही अशा पट्ट्यांनी इजा होऊ शकते म्हणून त्या काढून ठेवायला सांगतात. मग शू अडवायची कशी? पॉटीची पुढची कड त्याच साच्यात हळूहळू वर चढत गेलेली असते, ती बघा. गोलाई असलेली, जाडसर, कुठेही जोड नसलेली, ३-४ सेंटिमीटर उंच. बोट फिरवून बघा, आतल्या बाजूनेही. साच्यातून काढताना राहिलेली बारीक धार बोटाला लागते. आपल्या बोटाला टोचतं ते त्याला ओरबाडणारच.

उरलेलं काम पट्टीने करायचंच नसतं, शिकवायचं असतं. आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या. मागे सरक, थोडा पुढे वाक, शूची जागा बोटाने खाली कर. पहिल्या आठवड्यात ते बोट मीच दाखवायचो, मग तो स्वतः करायला लागला. पुढे वाकल्यावर कोपरं मांडीवर येतात, ते शीसाठीही चांगलं असतं.

अनेक बाप विचारतात, मुलगा आहे तर उभं राहून शू करायलाच थेट का शिकवू नये? मीही विचारलं होतं. उत्तर असं की या वयात शू आणि शी एकामागोमाग येतात आणि कुठलं आधी येतंय हे मुलाला अजून नीट कळत नाही. बसायची सवय लागली की दोन्ही सुटतं. आधी उभं राहायला शिकलेली काही मुलं नंतर शीसाठी बसायला तयार होत नाहीत. आमच्याकडे उभं राहणं तो ३ वर्षांचा झाल्यावर आलं आणि तेही कुणी शिकवलं नाही. मला बघून आलं. भिंतीला लावायची छोटी शूची भांडी मिळतात, ती तोवर थांबू शकतात.

सांध्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रोज धुणारा माणूस मी आहे. पहिली पॉटी सात भागांची होती. भांडं, कडं, पट्टी, झाकण, टाकी, बटणाचं खोकं, खालचा साचा. शू भांड्यात पडायची तशीच भांड्याच्या आणि साच्याच्या मधल्या फटीतही जायची. वरून स्वच्छ दिसायची, पण चार दिवसांनी खोलीत वास यायला लागला. बटणाच्या खोक्यामुळे पाण्यात बुडवूनही धुता येईना. दुसरी पॉटी मी अखंड घेतली, एका साच्यात ओतलेली, एकही सांधा नाही. ओतायची, साबणाने धुवायची, उपडी घालून वाळवायची. वेगळं निघणारं भांडं हवंच असेल तर दोनच भाग असलेली घ्या आणि भांड्याची कड साच्याच्या वरून बाहेर वळलेली आहे का ते बघा, म्हणजे ओघळ फटीत शिरत नाही. अखंड पॉटीला एक अडचण आहे, तीही सांगतो. पूर्ण पॉटी उचलून न्यावी लागते आणि मुलाला ती स्वतः न्यायची असते. आमच्याकडे दोनदा सांडलं. मग ठरलं की एक बाजू त्याने धरायची, एक मी. ती आमची रोजची मिरवणूक झाली.

आतला रंग फिकट हवा. हे कुणी सांगत नाही, पण मला फार महत्त्वाचं वाटतं. गडद निळ्या किंवा काळ्या भांड्यात शू पिवळी धमक आहे की पाण्यासारखी हे दिसत नाही, आणि शीवर रक्ताची रेघ आहे का तेही दिसत नाही. चीर पडलेल्या मुलाच्या बापाला ते रोज बघायचं असतं. शू गडद झाली की मूल पाणी कमी प्यायलं हे आम्हाला त्या फिकट भांड्यामुळेच कळायचं आणि पाणी कमी पडलं की शी कडक व्हायला वेळ लागत नाही.

तळ रुंद हवा आणि तळाला रबराची कड हवी. हलकी, अरुंद पॉटी घामट मांड्यांना चिकटते आणि मूल उठलं की तीही त्याच्याबरोबर उठते. पुढचं चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बसायची कड अंगठ्याएवढी तरी रुंद असावी, नाहीतर मांड्यांवर लाल वळ उठतात आणि मूल लवकर उठून जातं. खोली किती आहे तेही बघा. उथळ भांड्यात शी ढुंगणाला लागते, ते मुलाला अजिबात आवडत नाही. प्लॅस्टिकवर तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. ते चिवट असतं, पटकन तडकत नाही, गरम साबणपाण्याने धुतलेलं चालतं.

गाण्याविषयी माझं मत आता पक्कं आहे. भांड्यात ओल लागली की गाणं वाजतं, एवढंच ते यंत्र ओळखतं. लेकाने पहिल्याच दिवशी मगातून पाणी ओतून ते वाजवून दाखवलं. खेळ म्हणून ठीक आहे. पण पॉटीवर बसलेल्या मुलाने लक्ष द्यायचं असतं ते स्वतःच्या पोटाकडे. आता दाब येतोय, आता सुटतंय, आता झालं. हे त्याच्या आयुष्यातलं पहिलंच मोठं स्वतःला ओळखणं आहे. त्याच क्षणी खालून गाणं वाजलं की लक्ष तिकडे जातं, आणि काही मुलं दचकून मध्येच थांबतात. बॅटरी संपली की मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. मला घरात शांत पॉटी हवी होती आणि ती मिळाल्यावर फरक दिसला.

कमोडवर ठेवायचं छोटं कडं घ्यावं का, हे बहिणीनेही विचारलं. त्याने धुण्याचं काम वाचतं हे खरं. काही मुलांना मोठ्यांसारखंच बसायचं असतं, त्यांना ते आवडतं. पण कमोड उंच असतो, म्हणजे पायाखाली स्टूल लागतंच, आणि दोन वर्षांच्या मुलाला स्वतःहून धावत जाऊन, चढून, वळून बसायला वेळ लागतो. त्याला शू आल्याचं कळतं तेव्हा हातात जेमतेम अर्धं मिनिट असतं. शिवाय पाण्याचा आवाज. सगळं खेचून नेणारं ते भोक आपल्यालाही नेईल अशी भीती या वयात खरीच असते, तिला हसू नये. आम्ही पहिले आठ महिने पॉटी वापरली, नंतर कडं आणलं. कडं घेताना कमोडची बैठक गोल आहे की लांबट ते बघून घ्या, बसवल्यावर ते हाताने हलवून पाहा. जरा जरी डुगडुगलं तरी परत करा. आणि घरात मुलगा उभा राहून शू करायला लागला की कमोडची बैठक व झाकण हळू खाली येणारं करून घ्या. धाडकन पडणारी बैठक लहान मुलांना नेमकी त्याच जागी इजा करते, कारण त्यांची उंचीच तेवढी असते.

वयाबद्दल बहिणीला मी फार काही सांगितलं नाही. दीड ते तीन वर्षांच्या मध्ये बहुतेक मुलं तयार होतात, मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे उशिरा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं की मुलाच्या तयारीच्या मागे मागे जा, पुढे धावू नका. त्यांच्या नोंदींत दिवसा कोरडं राहायला लागण्याचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. सरासरी म्हणजे कितीतरी मुलं त्याच्या नंतरची. दोन तास डायपर कोरडा राहतो का, चड्डी स्वतः खाली ओढता येते का, "तुझा बूट आण" म्हटलं की आणतो का, ओलं झाल्याचं त्याला नकोसं वाटतं का, एवढं बघावं. भाचा सोफ्यामागे जाऊन उभा राहतो ना, तीच मोठी खूण आहे. येणार हे त्याला आधी कळतंय. रात्रीचा मात्र यात काहीच संबंध नाही. झोपेत लघवी कमी तयार होणं आणि मूत्राशय मोठं होणं हे शरीराचं काम आहे, ते पाच-सहा वर्षांपर्यंतही चालतं. कुठलीही पॉटी घेऊन ते लवकर होत नाही.

दुसरी पॉटी आणण्याआधी मी तीन ठरवून ठेवल्या होत्या. तिन्ही १६ सेंटिमीटरच्या आसपास, तिन्ही अखंड, लांबट भोकाच्या, फिकट. त्यांतला रंग त्याने निवडायचा. त्याने पिवळी घेतली. घरी आणल्यावर पहिले चार दिवस आम्ही ती नुसती त्याच्या खेळण्यांजवळ ठेवली. तो आधी पुढच्या कडेला बोट लावून बघायचा. "चावत नाही?" म्हणून विचारायचा. मी म्हणायचो, "बघ, हात फिरवून बघ." त्याने अख्खी कड चाचपली. मग कपड्यांसकट बसला. दोन्ही पावलं सपाट टेकली आणि त्याने हात सोडले. कडेला धरून बसणारा माझा मुलगा हात मांडीवर ठेवून बसला होता. मी उठून आत गेलो, कारण मला रडायला येत होतं आणि त्याला ते बघून पुन्हा काहीतरी झालंय असं वाटायला नको होतं.

मग जेवणानंतर वीसेक मिनिटांनी बसवायला लागलो. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपणहून हलायला लागतं, म्हणून ती वेळ बरी. पाच मिनिटांपेक्षा जास्त कधीच नाही, आणि नको म्हटलं तर लगेच उठायचं. मी समोर जमिनीवर बसायचो, त्याच्याच उंचीवर. अकराव्या दिवशी सकाळी तो खेळता खेळता उठला, स्वतःहून गेला, चड्डी गुडघ्यापर्यंत ओढली आणि बसला. मी लांबूनच बघत होतो. त्याने कोपरं मांडीवर टेकवली, जमिनीकडे बघत राहिला. चेहऱ्यावर ताण नव्हता. थोड्या वेळाने उठून भांड्यात डोकावला आणि हाक मारली, "बाबा, दुखलं नाही."

आज सकाळी बहिणीचा मेसेज आला. "१९ सेंमी. दोनदा मोजलं. म्हणजे १५च्या आसपास शोधते. मैत्रिणीकडची बघितली, भोक गोल आहे, नाही घेत. दादा, रंग कुठला घेऊ?"

मी लिहिलं, तो त्याला विचार.